शालूबाई कोम परशराम, हयातीपर्यंत

विद्युल्लता दिवटेंनी घर विकायचं ठरवलं त्यामागं भांडण नव्हतं, अडचण नव्हती, कुणाची जबरदस्तीही नव्हती. घरात आवाज उरला नव्हता, एवढंच.

सीमाभागातल्या शहापूरच्या त्या बोळात त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पुढच्या सोप्यात चार हातमाग होते. उजाडायच्या आधीपासून खटखट सुरू व्हायची आणि नव्या नवरीला वाटायचं, इथं आपण काय बोललो ते आपल्यालाच ऐकू यायचं नाही. चव्वेचाळीस वर्षांनी माग नव्हते, सासू-सासरे नव्हते, आणि केशवरावांना जाऊनही तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी माणसं येत राहिली. दुसऱ्या वर्षी सणावाराला आली. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी दिवा लावून स्तोत्र म्हणायला तोंड उघडलं, तर घसा बसलेला. सर्दी नव्हती, खोकला नव्हता. सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, म्हणून बसला होता.

एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर त्यांनी एकोणतीस वर्षं काढली होती. दिवसाला दोन-अडीचशे माणसांना नाव, गाव, वय विचारायचं आणि लिहून घ्यायचं. त्या बाईला हे सोसेना. पुण्याहून लेक भैरवी वर्षभर मागं लागली होती. तिच्याच सोसायटीत दोन खोल्यांची जागा रिकामी होती. पलीकडच्या साडीच्या दुकानाचे मालक गोदामासाठी घर घ्यायला एका पायावर तयार होते. एका रविवारी विद्युल्लताबाई फोनवर "बरं" म्हणाल्या आणि सोमवारी घराचे कागद पिशवीत घालून वकिलाकडं गेल्या.

वकील म्हणजे निशांत, केशवरावांच्या मित्राचा मुलगा. लहानपणी गालगुंड झालं तेव्हा त्याचा केसपेपर विद्युल्लताबाईंनीच काढला होता. त्यानं सिटी सर्व्हेचा उतारा उघडला, वरून खाली आला आणि शेवटच्या रकान्याशी थांबला.

"काकू, ही शालूबाई कोण?"

"कुठली?"

"हे बघा, इतर हक्क. 'शालूबाई कोम परशराम दिवटे यांस मधल्या खोलीत हयातीपर्यंत राहण्याचा हक्क.' अठ्ठावन्न सालची नोंद दिसते."

विद्युल्लताबाईंनी चष्मा लावून वाचलं. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिली, पण ज्या घरात राहिलो त्याचा कागद आजवर आपण एकदाही वाचला नाही, हे त्यांना तिथं बसल्या बसल्या उमगलं.

"ह्यांच्या काकू त्या," त्या म्हणाल्या. "परशरामकाका ऐन तारुण्यात गेले, त्यांची बायको. त्याही वारल्या, कधीच्याच."

"कधीच्या म्हणजे?"

"माझ्या लग्नाच्या आधी. सर्वपित्रीला त्यांचं पान वाढतो ना आम्ही. सासूबाई वाढायच्या, आता मी वाढते."

निशांत हसला. "पानाचं सर्टिफिकेट मिळत नाही हो, काकू. घेणारा तयार असला तरी त्याचा वकील सोडणार नाही. बाईंचा मृत्यूचा दाखला आणा, नाहीतर त्यांनी स्वतः सही केलेलं हक्कसोड पत्र आणा."

"त्या वारल्यात म्हटलं ना."

"मग दाखला आणा. माणूस लावू का एखादा? ऑफिसाबाहेर असतात, चार दिवसांत काढून देतील."

"नको. नाव शोधायला मला माणूस कशाला पाहिजे?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खेपा सुरू झाल्या. जेवण उरकून साडेदहाला बोळातनं बाहेर पडायचं, आधार कार्ड दाखवून बसचं बायकांसाठीचं फुकट, झिरो तिकीट घ्यायचं आणि ऑफिस उघडायला हजर व्हायचं. आधी सब-रजिस्ट्रारकडं गेल्या. घरावर कुठला दस्त नोंदला आहे का याचा दाखला मागितला. कॉम्प्युटरात होतं तेवढं लगेच निघालं. त्याआधीचं हातानं बघावं लागलं, वर्षावार बांधलेल्या सूचीच्या वह्यांतून. आठवडाभरानं उत्तर मिळालं, की शालूबाईंच्या नावचा दस्त नाही. विक्री नाही, गहाण नाही, बक्षीस नाही. याचा अर्थ तो हक्क दस्तानं मिळालेला नव्हता. कुणीतरी सिटी सर्व्हेकडं वर्दी दिली होती, म्हणजे नोंद बदलण्याचा अर्ज, आणि त्यावरून तो लागला होता. उताऱ्यावर त्या ओळीशेजारी वर्दीचा नंबरही होता, फिकट झालेला.

म्हणून मग त्या सिटी सर्व्हेच्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. तिथं शामू होता. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, पान खाऊन बोलणारा.

"अठ्ठावन्नचा गठ्ठा व्हय?" तो म्हणाला. "आक्का, सत्तावन्न हाय, एकोणसाठ हाय. मधला कुठं गेलाय बघाय पायजे. दोनदा जागा बदलली ऑफिसची. चार दिसांनी या."

त्या चार दिवसांनी गेल्या. मग परत चार दिवसांनी. मधले दिवस मोकळे जाऊ नयेत म्हणून त्यांनी मृत्यूची रजिस्टरं धरली. शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानाचं, त्यामुळं तिथली जुनी रजिस्टरं वेगळी. मग महानगरपालिकेची. रीतसर अर्ज करायचा, मग कारकून वही काढून समोर ठेवायचा आणि त्या बोट फिरवत जायच्या. शालूबाई दिसली की थांबायच्या. शालूबाई कोम बसप्पा. शालूबाई कोम विठोबा, वडगाव. बाळंतपणात गेलेली एक शालूबाई होती, वय सतरा. परशरामची शालूबाई काही नव्हती.

चौऱ्याऐंशी सालच्या वहीत मात्र बोट आपोआप थांबलं. 'पुरुष. वय दोन दिवस. बाप केशव.' नावाचा रकाना कोरा. त्या वर्षाची वही त्यांनी उघडायला नको होती. शालूबाई तोवर गेलेल्याच असणार होत्या. पण हाताशी आली म्हणून उघडली. वही मिटून परत दिली आणि कारकुनाला विचारलं, "पाणी कुठं मिळेल?"

एवढं सगळं होऊनही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, पण त्यांना ते दिवस आवडत होते. आवाज सुटला होता. बसमध्ये कुणी विचारायचं, "कुटं निघालाय?" आणि सांगायला उत्तर होतं. शामू त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "आल्या बघा मॅडम! आक्का, मस्टरवर तुमचं नाव घालू काय? निम्म्या स्टाफापरीस तुमची हजेरी चांगली हाय."

"घाल. पण गठ्ठा तेवढा काढ."

"काढतो की. तो बी तुमच्यावानीच हट्टी हाय, दिसंना."

भैरवी रविवारी विचारायची, "झालं का, आई?" विद्युल्लताबाई सांगायच्या, "होतंय." घाई करायची इच्छा त्यांना तरी कुठं होती?

दोन महिने असे गेल्यावर निशांतनंच बोलावून घेतलं. "काकू, दुकानवाले विचारतायत. आपण दुसरा रस्ता घेऊ. सात वर्षं माणसाबद्दल कुणी काही ऐकलं नसेल तर कोर्ट त्याला मृत धरू शकतं. दावा मी तयार केलाय. तुम्ही शपथपत्रावर सही करा, बाकी माझ्यावर सोडा."

शपथपत्र एका पानाचं होतं. विद्युल्लताबाईंनी सवयीप्रमाणं शब्द न् शब्द वाचलं. 'सदर शालूबाई हयात असत्या तर ज्यांना साहजिकच त्यांची खबर लागली असती, अशा कोणाही व्यक्तीस गेल्या सात वर्षांत त्यांच्याविषयी काहीही ऐकू आलेले नाही.'

"ज्यांना साहजिकच लागली असती म्हणजे कोण रे?"

"म्हणजे घरची माणसं. तुम्ही."

"पण आम्ही कधी विचारलंच नाही तर?"

"कायद्यात तसं नाही लिहिलेलं, काकू," निशांत म्हणाला. पेन त्यांच्यासमोर धरलेलंच होतं.

त्यांच्या मनात आलं, की माझ्याबद्दल सात वर्षं कुणी काही विचारलं नाही तर? भैरवीचा रविवारचा फोन सोडून. तो नसता तर एक कागद आणि एक पेन, काम झालं. त्या उठल्या. "आधी तो गठ्ठा बघते," म्हणाल्या. "मग करते सही."

गठ्ठा पुढच्या गुरुवारी निघाला. त्रेसष्टच्या गठ्ठ्यात बांधला गेला होता. शामूनं फडक्यानं धूळ झटकली, गाठ सोडली आणि वर्दीचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. बाकीचं ऑफिस तोवर कानडीत गेलं असणार, पण हा जबाब मराठीत होता, कुणा सावकाश लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातचा.

'मी शालूबाई कोम परशराम दिवटे, माहेरचे नाव दुर्गा, बाप गुंडू भंडारे, वय अंदाजे २१, धंदा घरकाम, राहणार शहापूर, समक्ष हजर राहून जबाब लिहून देते की, माझे पती मयत आहेत. मला मूल नाही. घराचा हिस्सा मला नको. मी माहेरी जांबोटी येथे जाणार आहे. परंतु परत यावे असे वाटल्यास मला मधली खोली असावी. थोरले दीर यांची हरकत नाही.' खाली डाव्या हाताचा अंगठा. रेषा अजून स्पष्ट होत्या.

विद्युल्लताबाईंनी तो तीनदा वाचला. दुसऱ्या वाचनात 'माहेरचे नाव दुर्गा' यावर थांबल्या. त्या काळी लग्नात मुलीचं नाव बदलायचेच; त्यांच्या सासूबाईंचंही बदललेलं होतं. सासर सुटल्यावर ते नाव कोण लावणार? दवाखान्याच्या खिडकीवर डोंगराकडच्या म्हाताऱ्या यायच्या, नाव विचारलं की लहानपणचंच सांगायच्या, आणि यांनी त्यांना एकोणतीस वर्षं दटावलं होतं, "माहेरचं नको आजी, सासरचं सांगा. रेकॉर्डला सासरचं लागतं." आणि दोन महिने त्या रेकॉर्डात सासरचंच नाव शोधत बसल्या होत्या.

दुसरी गोष्ट बसमध्ये सुचली. काकूंचं पान सर्वपित्रीला का? ज्यांची तिथी ठाऊक असते त्यांचं त्या तिथीला होतं. सासऱ्यांचं पंचमीला, सासूबाईंचं द्वादशीला. सर्वपित्री त्यांची, ज्यांची तिथी कुणाला माहीत नाही. चव्वेचाळीस वर्षं वडे तळताना हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

मतदारयादी कुणालाही बघता येते. घरी जाऊन त्यांनी जांबोटीकडच्या गावांच्या याद्या फोनवर उतरवून घेतल्या आणि अक्षरं मोठी करत एकेक पान सरकवत गेल्या. कानडी वाचता येत होतं, ते खिडकीनंच शिकवलेलं. तिसऱ्या यादीत, दोनशे चौदाव्या नंबरावर होतं: दुर्गाबाई, वडिलांचं नाव गुंडू, वय ८८. शेजारी फोटो होता, पण तो नुसता काळा डाग.

शनिवारी सकाळी त्या निघाल्या. निशांतकडून हक्कसोड पत्राचा मसुदा घेतला होता, शाईचा पॅड घेतला होता. बस पिरनवाडी, किणये करत चढणीला लागली. जांबोटीला उतरून दोन-अडीच किलोमीटर चालावं लागलं. भाताची कापणी कधीच होऊन गेली होती, खाचरं उघडी पडली होती. वाटेत एक बैलगाडी तेवढी भेटली.

घर कौलारू, पुढं फणसाचं झाड. त्याखाली एक म्हातारी पोत्यावर बसून नाचणी पाखडत होती. अंगानं चिमणीएवढी, पण सुपाचा हात पक्का.

"कोन गं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मी शहापूरहून आले. दिवट्यांच्या घरातनं."

सूप थांबलं.

"कुणाची तू?"

"केशवची बायको. तुमच्या थोरल्या दिरांचा केशव."

"केशव्या? तीन वर्साचं पोर हुतं ते. दिसभर माझ्या वट्यात. कसा हाय?"

"गेले. तीन वर्षं झाली."

"आनि माझी जाऊ?"

"सासूबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली."

"मग घरात हाय कोन?"

"मी."

"एकलीच?"

"एकटीच."

म्हातारीनं पोत्यावर शेजारी जागा केली. "बस. आरोही! च्या ठेव गं. शहापूरचं मानूस आलंय."

आतून एक तरुण मुलगी डोकावून गेली. भावाच्या नातवाची बायको. विद्युल्लताबाई पोत्यावर टेकल्या. वाटेत काय बोलायचं ते घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"आम्हाला वाटलं होतं, की तुम्ही..."

"मेले?"

"हो."

शालूबाईंना हसू फुटलं. तोंडात दात नव्हते, हसू मात्र भरपूर होतं. "व्हय, गेला आसंल तसा सांगावा. माझी धाकटी भन तापानं गेली, मी आले त्याच्या दुसऱ्या वर्सी. बाजारातनं कुणीतरी निरोप नेला आसंल, गुंडूची ल्येक गेली म्हनून. कुठली ल्येक ते कोन इचारतंय?"

"मग तुम्ही कळवलं नाही?"

"कुणाला कळवू? कोन आलंच न्हाय हिकडं. मला वाटलं, तुटलं. तुमास्नी वाटलं, मेलं." तिनं सुपातला एक खडा वेचून लांब टाकला. "बरं, मेले तर मेले. काय क्येलंसा माझं?"

सांगावं की नको, असा विद्युल्लताबाईंना प्रश्न पडला. मग सांगितलं. "दरवर्षी सर्वपित्रीला पान वाढतो तुमचं."

"आगं आई!" म्हातारी डोळ्याला पदर लावून हसू लागली. "आरोही, ऐकलंस काय गं? मी जित्ती हितं आंबिल पितोय आनि तकडं माझं पान! काय काय वाढत हुतीस गं?"

"खीर, वडे, अळूची भाजी, लाल भोपळ्याची भाजी..."

"भोपळा?" शालूबाईंचं हसू थांबलं. "मला भोपळा आवडत न्हाय. माझ्या जावंला चांगलं ठाऊक हुतं."

"मला माहीत नव्हतं."

"आनि कावळा शिवायचा?"

"लगेच."

"शिवंल की. त्येला कुठं कुनाची वळख लागतीया?"

चहा आला, बिनदुधाचा, आलं घातलेला. तो पिऊन झाल्यावर विद्युल्लताबाईंनी पिशवीतून कागद काढले. त्यांना लपवाछपवी जमत नव्हती. घर विकायचं आहे, लेकीकडं जायचं आहे, आणि या एका ओळीमुळं अडलंय, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग उतारा दाखवला, जबाबाची नक्कल दाखवली.

"वाच," शालूबाई म्हणाल्या. "मला येत न्हाय."

त्यांनी वाचलं. माझे पती मयत आहेत. मला मूल नाही. घराचा हिस्सा मला नको. शालूबाई फणसाच्या बुंध्याकडं बघत ऐकत होत्या. 'परत यावे असे वाटल्यास मला मधली खोली असावी' इथं त्यांचे ओठ हलले, वाचणाऱ्याच्या आधीच.

"परत वाच."

त्यांनी परत वाचलं.

"त्यो कारकून म्हनाला हुता, बाई, असलं कुनी लिहीत न्हाय. हिस्सा तर घे, न्हायतर सोड. मी म्हनलं, न्हाय, असंच लिव्हा." त्यांनी हात पुढं करून कागदावरच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला, मापाला ठेवावा तसा. "आता खोडायला आलीस व्हय?"

"हो."

"मी याची न्हाय तकडं. ह्या पोरी मला सोडतात काय? पर खोडू नगो."

विद्युल्लताबाईंनी कागद मांडीवर घेतले.

"भावजय लई तोंडाची हुती माझी," शालूबाई म्हणाल्या. "आता गेली, वाईट बोलू नये. पर ती चालू झाली की मी मनात म्हनायची, बोल बाई बोल, माझी खोली हाय शहापुरात. उठून गेले तर? येकदा बी गेले न्हाय. पर जायला जागा हुती. त्या जोरावर काढलं समदं. आता ह्या वयात तेवढं काढून घेऊ नगंस."

मसुदा आणि शाईचा पॅड पिशवीतच राहिला. निघताना आरोहीनं फोन नंबर लिहून घेतला आणि बसथांब्याच्या वळणापर्यंत सोडायला आली. शालूबाई बसल्या जागेवरूनच ओरडल्या, "यंदा भोपळा करू नगंस!"

परतीच्या बसमध्ये विद्युल्लताबाईंना खिडकीशी जागा मिळाली. शेजारच्या बाईनं विचारलं, "पावन्याकडं गेलतासा?" त्या "हो" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. किणये मागं पडलं तसं त्यांना दिसू लागलं, की आज आपण काय करून बसलो.

सोमवारी निशांतच्या टेबलावर त्यांनी मसुदा परत ठेवला.

"त्या आहेत," त्या म्हणाल्या. "आणि नाही म्हणाल्या."

निशांत बराच वेळ बोलला. दुकानवाले थांबणार नाहीत म्हणाला. बाईंना काही देऊन बघू म्हणाला. शेवटी म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी वय आहे, काकू. असं किती दिवस..."

"ते मोजत बसणार नाही मी."

"मग शपथपत्र फाडू?"

"फाड."

भैरवीला सांगणं जास्त अवघड गेलं. तिला रविवारपर्यंत थांबवलं नाही, त्याच दिवशी फोन केला. ती आधी ऐकत राहिली, मग तिचा आवाज चढला. "म्हणजे एक बाई, जी तिथं येणारसुद्धा नाही, तिच्या एका रिकाम्या खोलीसाठी तू एकटी राहणार? ती जाईपर्यंत?"

"असं म्हणू नकोस."

"मग कसं म्हणू, आई? तूच सांग."

लेक चुकीचं बोलत नव्हती. घर भाड्यानं देऊन पुण्याला जाता आलं असतं, पण भाडेकरूला मधली खोली सोडून राहा म्हणून कसं सांगायचं? कुलूप लावून जाता आलं असतं. तेही मनात येऊन गेलं. पण कुलूप लावलेल्या घरात कुणाला जायला जागा असते? त्या एवढंच म्हणाल्या, "उन्हाळ्यात येते महिनाभर." भैरवीनं "बघ तुझं तू" म्हणून फोन ठेवला. पुढचा रविवार फोनाशिवाय गेला.

आता कुठल्याच ऑफिसात काम उरलं नव्हतं. साडेदहा वाजायचे, जेवण उरकलेलं असायचं, आणि बोळातनं बाहेर पडायला कारण नसायचं. एकदा त्या उगीचच बस पकडून सिटी सर्व्हेपर्यंत गेल्या. शामू रजेवर होता. दुसऱ्या माणसानं कानडीत काय पाहिजे विचारलं, त्या "काही नाही" म्हणून परत आल्या. दुकानवाल्यांनी बोळाच्या तोंडाशी दुसरं घर घेतल्याचं त्याच आठवड्यात कळलं.

दहा-बारा दिवस गेले असतील. दुपारी अडीचला, बोळ निपचित पडलेला असताना फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"मी आरोही बोलतोय, जांबोटीसनं. आजी इचारत्यात, त्या खोलीत कोन ऱ्हातंय काय?"

"नाही," विद्युल्लताबाई म्हणाल्या. घसा बसलेला होता, त्यांनी खाकरून पुन्हा सांगितलं. "नाही. रिकामीच असते. दोन ट्रंका आहेत माझ्या."

पलीकडं कुजबुज झाली.

"आजी म्हनत्यात, ट्रंका असू देत. पर झाडून घेत जावा, कोळिष्टकं धरत्यात."

"बरं म्हणावं. झाडते."

मग मागून म्हातारीचाच आवाज आला, फोन लांब असतानाही ठणठणीत. "आनि तिला म्हनावं, कडी बघ! आतनं लागतीया काय अजून?"

"थांबा, बघते," विद्युल्लताबाई म्हणाल्या. फोन कानाशी तसाच धरून त्या सोप्यातून मधल्या खोलीत गेल्या. आत अंधुक होतं, ट्रंकांवर धूळ होती. त्यांनी दार लोटलं आणि कडी वर उचलली. ती अर्ध्यात अडली. खांद्यानं दार दाबून त्यांनी पुन्हा उचलली, तेव्हा कोयंड्यात बसली.

"लागते," त्यांनी सांगितलं. "जरा तेल घालावं लागेल."